रक्तातील चमचाभर साखर



वार्षिक तपासणीचा कागद हाती येतो आणि त्यावर उपाशीपोटीच्या रक्तशर्करेपुढे १६८ असा आकडा असतो. ज्याच्या नावाचा तो कागद, तो गृहस्थ पंचेचाळीस-पन्नाशीचा. त्याला ना ताप, ना खोकला, ना कोठे दुखणे. नेहमीप्रमाणे कामावर निघावयाचे, इतक्यात हा आकडा समोर आला. चष्मा पुसून तो पुन्हा वाचतो, पण आकडा काही बदलत नाही.

अशा दिवशी त्या घरात बहुधा दोहोंपैकी एक प्रकार घडतो. काही घरांत हाहाकार उडतो. साखरेचा डबा फडताळात वर जातो, सकाळी कारल्याचा रस सुरू होतो, आणि आता यांना आंबा म्हणून कसा तो मिळावयाचा नाही, या विचाराने गृहिणीच्या डोळ्यांना पाणी येते. दुसऱ्या काही घरांत 'जराशी साखर वाढली आहे, एवढेच,' असे म्हणून तो कागद टेबलाच्या खणात ठेवला जातो. पहिल्या घरातील निग्रह महिना-दीड महिन्यात ओसरतो आणि तेथलाही कागद अखेर खणातच जातो. भीतीची वाट आणि बेफिकिरीची वाट अशा रीतीने एकाच खणापाशी येऊन मिळतात.

आजच्या भाषणात मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. मधुमेह असल्याचे कळल्यानंतरचे पहिले वर्ष हे या साऱ्या दीर्घ प्रवासातील सर्वांत मोलाचे वर्ष होय. या वर्षात केलेल्या श्रमाचे फळ पुढे अनेक वर्षे मिळत राहते, आणि हे वर्ष खणात गेले तर त्याची भरपाई पुढे सहजासहजी होत नाही. श्रम कोणते, हे कळण्यासाठी मात्र रक्तातील साखरेचा जमाखर्च प्रथम समजून घेतला पाहिजे.

प्रौढ मनुष्याच्या देहात सुमारे पाच लिटर रक्त असते. निरोगी मनुष्याच्या १०० मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम साखर असते. आता हिशेब करून पाहा. साऱ्या रक्तात मिळून साखर किती झाली? जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा! ज्या रक्तावर मेंदूपासून पायाच्या बोटांपर्यंत सारा देह चालतो, त्यात एका वेळी फक्त चमचाभर साखर. उपाशीपोटी ही मात्रा १२६ किंवा त्याहून अधिक झाली, आणि पुन्हा केलेल्या तपासणीतही तसेच आढळले, की मधुमेह म्हणावयाचे. म्हणजे आरोग्य आणि रोग यांत अंतर अर्ध्या चमच्याहूनही कमी.

उलट बाजूस आपले जेवण पाहा. दोन पोळ्या, वाटी-दीड वाटी भात आणि वरण एवढ्या साध्या जेवणातून ८० ते ९० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जातात, आणि पचनानंतर त्यांची साखरच होते. चमचाभर साखर मावणाऱ्या रक्तात दोन-तीन तासांत सोळा ते अठरा चमचे येऊन पडावयाचे, आणि तरीही पातळी फारशी चढू द्यावयाची नाही, असे हे अवघड काम आहे. निरोगी देह ते दिवसातून तीन वेळा निमूटपणे पार पाडतो. स्वादुपिंडातून इन्शुलिन नावाचा रस थेट रक्तात उतरतो. त्याच्या आज्ञेने स्नायूंची दारे उघडतात व साखर आत घेतली जाते. यकृतही आपला वाटा साठवून ठेवते आणि रात्री आपण निजलो असता त्यातूनच थोडी थोडी साखर रक्तात सोडीत राहते.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात, आणि प्रौढ वयातील बहुतेकांचा मधुमेह याच प्रकारचा असतो, इन्शुलिन अजिबात नसते असे नाही. पण त्याची आज्ञा पाळली जात नाही. यकृतात व स्नायूंत मेद साचल्यामुळे दारे कुरकुरतात. यकृत तर इतके बेबंद होते की, रक्तात साखर भरपूर असतानाही रात्रभर आणखी ओतीत राहते. रात्री काहीही न खाता सकाळचा आकडा चढलेला का, याचे उत्तर पुष्कळदा हेच असते. स्वादुपिंड काही वर्षे जादा इन्शुलिन पुरवून ही वेळ मारून नेते. पुढे तेही थकते, आणि मग एके दिवशी तो कागद हाती येतो. तात्पर्य, रोग त्या दिवशी सुरू झालेला नसतो, त्या दिवशी तो फक्त उघडकीस येतो.

येथे एक शंका निघेल. 'मी तर लठ्ठ नाही, मग मला हा रोग कसा?' तिचे उत्तर आपल्या पुण्याकडून मिळाले आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले एक जोडछायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील मेद मोजला तेव्हा युडकिन यांच्या देहात तो ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के भरला! अंगाने सडपातळ, पण आत मेदाचा साठा, अशी आपल्यापैकी अनेकांची ठेवण असते. म्हणूनच आपल्या लोकांसाठी वजनाचा हा निर्देशांक २३ झाला तरी सावध व्हावे, असे मानतात. त्याहूनही सोपे माप कमरेचे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, की आरशापेक्षा टेपावर अधिक विश्वास ठेवावा.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय अर्थातच ताटाचा.

गोड बंद केले की साखर उतरेल, ही समजूत अर्धीच खरी आहे. मिठाई आणि सरबते सोडावीत हे खरेच. दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा घेणाऱ्याच्या पोटात तेवढ्यानेच चाळीस ग्रॅम साखर जाते. ती सुटली तर फार मोठे काम झाले. साखरेऐवजी गूळ वा मध घेतल्याने मात्र काही साधत नाही. रक्ताला त्यांतील भेद फारसा कळत नाही. फळांचा रस काढून पिण्यापेक्षा फळ चावून खावे, कारण रसात साखर येते आणि चोथा मागे राहतो. पण गोड वर्ज्य करून जो मनुष्य पूर्वीइतकाच भात, पोळी, पोहे आणि बटाटा खातो, त्याचा आकडा फारसा हलत नाही, आणि मग 'मी सारे सोडले तरी साखर उतरत नाही' अशी निराशा त्याला घेरते. त्याने गोडी सोडलेली असते, पिष्ट सोडलेले नसते.

याच संदर्भात भाकरीविषयी दोन शब्द. पोळी सोडून ज्वारीची भाकरी घेतली की कितीही खावी, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे आहे. शंभर ग्रॅम पीठ गव्हाचे असो वा ज्वारीचे, पिष्टाचा भाग दोहोंत साधारण ६५ ते ७० ग्रॅम असतोच. भाकरी चांगली खरी, पण एक, तीन नव्हेत. उपवासाचे तर बोलावयासच नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एकादशीच्या दिवशी भरल्या ताटाने साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्या मधुमेह्याची साखर इतर दिवसांपेक्षा वर गेली, तर त्यात दोष एकादशीचा नाही.

मग खावे काय? ताट तेच ठेवावे, त्यातील वाटण्या बदलाव्यात. अर्धे ताट पालेभाजी, फळभाजी व कोशिंबीर यांचे. पाव ताट उसळ, घट्ट वरण, दही, अंडी किंवा मासळी यांचे. उरलेल्या पाव ताटात पोळी, भाकरी किंवा भात, आणि तोही 'किंवा', 'आणि' नव्हे. आपल्या थाळीत आजवर भाताने मधली जागा बळकावली होती आणि कोशिंबीर चवीपुरती डाव्या बाजूस होती. त्यांनी जागा बदलावयाच्या, इतकेच. आणखी एक युक्ती प्रयोगांत उपयुक्त ठरली आहे, ती खाण्याच्या क्रमाची. भाजी, कोशिंबीर आणि उसळ आधी खावी व भात-पोळी शेवटी. पदार्थ तेच आणि तेवढेच, परंतु साखरेची चढण सौम्य होते. यास पैसा लागत नाही आणि कोणाचे मनही मोडत नाही.

दुसरा उपाय पायांचा. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक जन्मतः आलेला आणि दुसरा अपथ्यातून उद्भवलेला. निर्धन रोग्याने अनवाणी, भिक्षेवर राहून, शंभर योजने चालावे किंवा विहीर खणावी, असेही तीत सुचविले आहे. विहीर खणावयास आज आपणांस कोणी सांगणार नाही, पण त्या उपदेशामागील निरीक्षण मार्मिक होते. स्नायू काम करू लागला की साखर आत घेण्यासाठी त्याला इन्शुलिनच्या आज्ञेची वाट पाहावी लागत नाही. काम करणारा स्नायू आपले दार आपणच उघडतो. ज्याच्या देहात इन्शुलिनचा हुकूम चालेनासा झाला आहे, त्याच्यासाठी घरात शिरण्याची ही दुसरी वाटच आहे.

चालावे केव्हा, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. न्यूझीलंडमध्ये मधुमेह असलेल्या ४१ व्यक्तींवर एक प्रयोग झाला व २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. दिवसातून एकदा केव्हातरी तीस मिनिटे चालणे, आणि प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटे चालणे, यांची त्यात तुलना केली होती. चालणे एकूण तेवढेच. पण जेवणानंतर चालण्याने जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपल्याकडे शतपावली हा शब्द आहे, पण चाल मात्र उरलेली नाही. तिची जागा आरामखुर्चीने घेतली. ती शतपावली दहा मिनिटांची करावी, त्याखेरीज आठवड्यातून निदान १५० मिनिटे भरभर चालावे, आणि दोन-तीन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम करावा. खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठणे-बसणे, हाही तसाच व्यायाम आहे. छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा पायाला जखम असेल, तर मात्र आधी वैद्यांना विचारावे.

तिसरा उपाय वजन उतरविण्याचा, आणि येथे अलीकडच्या काळात मोठी आशादायक गोष्ट घडली आहे. ब्रिटनमधील प्राध्यापक रॉय टेलर व मायकेल लीन यांच्या नेतृत्वाखालील एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मधुमेह होऊन सहा वर्षे उलटली नव्हती अशा, वजन जास्त असलेल्या लोकांना काही महिने दिवसाला केवळ साडेआठशेच्या आसपास उष्मांकांचा आहार, अर्थात देखरेखीखाली, देण्यात आला. वर्षअखेरीस त्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर मधुमेहाची औषधे न घेताही मधुमेहाच्या रेषेखाली आली होती. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हेच प्रमाण ४ टक्के होते. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले, त्यांच्यात ते ८६ टक्के होते. पुढे फारसे जाड नसलेल्या २० व्यक्तींवर असाच प्रयोग झाला, त्यात १४ जणांना हे साधले. यकृतातील व स्वादुपिंडातील मेद वितळला, की दारांची कुरकुर थांबते, असा याचा अर्थ.

पण या वार्तेने कोणी हुरळून जाऊ नये. याला उपशम म्हणतात, रोगनाश नव्हे. वजन परतले की साखरही परतते, आणि वरील प्रयोगातही वर्षागणिक उपशम टिकलेल्यांची संख्या घटत गेली. शिवाय इतका कडक आहार आपल्या मनाने कोणी करू नये. औषधे चालू असता तो धोक्याचाही ठरेल. ध्यानात घ्यावयाचे ते इतकेच की, रोग जितका नवा, तितकी ही वाट मोकळी. पंधरा किलो नसेल झेपत, तर पाच किलोनेही आकडा उतरतो. पहिले वर्ष मोलाचे, असे मी म्हटले, त्याचे हे एक कारण.

चौथा उपाय औषधाचा. 'गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही, तेव्हा ती न घेतलेलीच बरी,' असे सुशिक्षित घरांतही ऐकू येते. हा युक्तिवाद म्हणजे चष्मा लागेल म्हणून डोळे न तपासण्यासारखा आहे. प्रारंभी बहुधा जी गोळी दिली जाते ती मेटफॉर्मिन. पॅरिसचे वैद्य झाँ स्टर्न यांनी १९५७ साली मधुमेहावरील तिच्या उपयोगाचे अनुभव प्रसिद्ध केले. यकृताचा बेबंदपणा आवरणे हे तिचे मुख्य काम. सुरुवातीस पोट बिघडते म्हणून ती थोड्या मात्रेने व जेवणाबरोबर घ्यावयाची असते, आणि मूत्रपिंडाची तपासणी पाहून तिची मात्रा ठरते. एकटी मेटफॉर्मिन साखर धोकादायक पातळीखाली क्वचितच नेते. काही इतर गोळ्या व इन्शुलिन यांनी मात्र तसे होऊ शकते. घाम, थरथर, धडधड, भ्रमिष्टपणा जाणवला, किंवा साखर ७० च्या खाली आढळली, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. रोगी शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. अशी औषधे घेणाऱ्याने वैद्यांना विचारल्यावाचून उपवास करू नये, आणि बरे वाटते म्हणून कोणतीही गोळी परस्पर थांबवू नये.

आरंभीच्या दक्षतेचे फळ किती दूरवर पोचते, याचा पुरावा ब्रिटनमध्येच मिळाला. १९७७ साली तेथे नव्याने मधुमेह आढळलेल्या लोकांची एक प्रदीर्घ पाहणी सुरू झाली, तिचे निष्कर्ष १९९८ साली निघाले. ज्यांची साखर आरंभापासून काटेकोरपणे आवरली, त्यांच्यात डोळे व मूत्रपिंडे यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार एकचतुर्थांशाने कमी आढळले. खरे नवल पुढेच आहे. पाहणी संपल्यावर दोन्ही गटांच्या साखरेतील अंतर वर्षभरात मिटले, आणि तरीही दहा वर्षांनी, म्हणजे २००८ साली, पूर्वी जपलेला गट पुढेच होता. हृदयविकाराचे झटकेही त्यांच्यात कमी होते. देह जणू जुन्या उपकाराची आठवण ठेवतो. दुर्लक्षाचीही तो तशीच ठेवतो, हे सांगणे नको.

आता मोजमाप. लघवीला मुंग्या लागत नाहीत, तेव्हा साखर नाही, हा जुना आडाखा विसरावा. रक्तशर्करा सुमारे १८० च्या वर गेल्याखेरीज ती सहसा लघवीत उतरत नाही. एका दिवसाच्या आकड्यानेही हर्षू वा खचू नये. एचबीए१सी नावाची तपासणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात व तितक्या काळातील साखरेची नोंद बाळगतात. ही नोंद ६.५ टक्के वा अधिक असेल तर मधुमेह. पुष्कळांना ती ७ च्या आत ठेवावयास सांगतात, पण वय व इतर आजार पाहून प्रत्येकाचे उद्दिष्ट वैद्यच ठरवितात. अंगात रक्त कमी असेल तर ही तपासणी फसवू शकते, हेही त्यांच्या कानी घालावे. घरी मोजण्याचे यंत्र असेल तर जेवणाआधी व जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी असे जोडीने मोजावे. पोह्यांनी काय होते आणि मुगाच्या उसळीने काय होते, हे मग कोणास विचारावे लागत नाही.

आणखी तीन सूचना. रोग कळला त्याच वेळी डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे व पाय तपासून घ्यावेत, कारण रोग बहुधा आधीच काही वर्षांचा असतो. साखर उतरू लागली की काही आठवडे दृष्टी बदलते, म्हणून नव्या चष्म्याची घाई करू नये. आणि वजन झपाट्याने घटत असेल, तहान शमत नसेल, उलट्या होत असतील किंवा गुंगी येत असेल, तर वरील कोणत्याही उपायाची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

शेवटी घराविषयी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे अनुमान निघाले, आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचे. पाहणी केलेल्या राज्यांत सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के आढळले. तेव्हा ज्या घरात एकाच्या नावाचा कागद आला आहे, त्या घरात दुसरा कोणी उंबरठ्यावर उभा नसेलच, असे म्हणवत नाही. एकट्यासाठी वेगळे ताट वाढले की पथ्य ही शिक्षा होते. सर्वांचे ताट बदलले की ती घराची रीत होते. आपल्या मराठी आतिथ्यालाही येथे थोडे आवरावे लागेल. 'आमच्याकडे आलात आणि गोड न खाता जाणार? एवढ्याने काय होते?' असा आग्रह प्रेमाचाच असतो. पण एवढ्याने काय होते, त्याचे उत्तर आपण आताच मोजले: साऱ्या रक्तात मिळून साखर असते ती चमचाभरच.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. तो कागद खणातून काढा आणि स्वयंपाकघरात, सर्वांना दिसेल असा लावा. त्याच्याखाली तीन महिन्यांनी येणाऱ्या दुसऱ्या कागदासाठी जागा ठेवा. तो कागद पहिल्यापेक्षा बरा असावा, यासाठी लागणारे बहुतेक सामान आपल्या घरात आजच आहे.